४० नंबर वन गाणी आणि वॉचमनची नोकरी

समोर टेबल असेल तर जरा हात मोकळा करा. एक, दोन, तीन, चार असं सावकाश मोजत राहा आणि दोन आणि चार आले की टाळी द्या. एकवर नाही, तीनवर नाही. आपल्याला सुरुवातीला हे उलटं वाटतं, कारण आरतीपासून केहेरव्यापर्यंत आपलं अंग समेवर जोर द्यायला शिकलेलं असतं. पण रॉक आणि पॉपमधले बहुतेक ठेके या दोन-चारच्या टाळीवर उभे आहेत. ती टाळी म्हणजे स्नेअर: ड्रमरच्या दोन गुडघ्यांच्या मध्ये असलेला, खालच्या चामड्याला तारा लावलेला, कडकडीत वाजणारा ड्रम.

आता दोनची टाळी गाळून टाका. फक्त चारवर द्या. धूम… धु-धूम… ठाप! धूम… धु-धूम… ठाप!

जमलं असेल तर तुम्ही आत्ता पॉप संगीतातला बहुधा सर्वांत जास्त नक्कल झालेला ठेका वाजवलात. १९६३ साली हॉलिवूडच्या गोल्ड स्टार स्टुडिओत निर्माता फिल स्पेक्टर रॉनेट्स या गायिकांच्या ग्रुपचं ‘बी माय बेबी’ हे गाणं रेकॉर्ड करत होता. ड्रमवर होता हॅल ब्लेन, वय ३४. नेहमीसारखा दोन-चारचा ठेका द्यायचा होता, पण दोन हुकला आणि हात नुसता चारवर पडला, असं तो पुढे आयुष्यभर सांगत आला. मग पुढच्या वेळीही त्याने दोन मुद्दाम सोडला, त्याच्या पुढच्या वेळीही. चूक एकदा झाली तर ती चूक. ठरल्या जागी पुन्हा पुन्हा केली की तो गाण्याचा भाग होतो, हे त्याचं तत्त्व. गोष्ट रंगवून सांगण्याची त्याला हौस होती, तेव्हा यात थोडं मीठमसाला असेलही. पण ठेका खरा आहे, आणि तो अजून वाजतोय.

हा माणूस उतारवयाकडे झुकताना काही काळ ॲरिझोनात सिक्युरिटी गार्ड म्हणून काम करत होता. आपल्या भाषेत वॉचमन.

हे वाचलं की पहिला प्रश्न पडतो तो असा: इतकी गाणी गाजली, मग पैसे कुठे गेले? दारू, जुगार, असलं काही? नाही. एक घटस्फोट त्याला फार महाग पडला, हे खरं. पण मुळातलं उत्तर त्याच्या धंद्याच्या रचनेत आहे, आणि ती रचना समजून घेण्यासारखी आहे. कारण ती फक्त त्याची नाही.

सेशन ड्रमर म्हणजे काय, तिथून सुरुवात करू. बँडचा ड्रमर बँडचा असतो. फोटोत दिसतो, दौऱ्यावर जातो, पोरं त्याची सही मागतात. सेशन ड्रमर रेकॉर्डिंगपुरता येतो. लग्नाच्या स्वयंपाकाला आचारी बोलवावा तसा. पंगत उठली, भांडी घासली, आचारी घरी. लोकांच्या लक्षात राहतो यजमान.

लॉस एंजेलिसमध्ये ही बोलावणी वादकांच्या युनियनच्या नियमांनी बांधलेली होती. एक सेशन तीन तासांचं. त्या तीन तासांत जास्तीत जास्त पंधरा मिनिटांचं पक्कं संगीत तयार करायचं, म्हणजे त्या काळच्या अडीच-तीन मिनिटांच्या गाण्यांच्या हिशोबाने चारेक गाणी. जास्त वेळ लागला तर ओव्हरटाइम, दुसरं वाद्य वाजवलं तर त्याचा वेगळा भत्ता, ग्रुपचा म्होरक्या असेल त्याला दुप्पट दर. ज्यांच्यावाचून अडायचं असे वादकही दुप्पट दर मागून घेत. शिस्तशीर मामला होता. कोणाचे पैसे बुडत नसत, पेन्शनचीही सोय होती. त्या काळातल्या कित्येक कलाकारांच्या मानाने हे लोक उत्तम कमवत होते. ब्लेनचं हॉलिवूडच्या टेकड्यांमध्ये मोठं घर होतं, दारात रोल्स-रॉइस होती.

पण नीट बघा, तो विकत काय होता? गाणं नाही. तास.

रेकॉर्ड विकली गेली की त्याची रॉयल्टी गायकाला किंवा बँडला मिळणार, ज्यांनी गाणं लिहिलं त्यांना मिळणार, कंपनीला तर मिळणारच. ड्रमरचा हिशोब तीन तास संपले तेव्हाच मिटला. ते गाणं दहा हजार खपलं काय आणि दहा लाख खपलं काय, त्याच्या चेकवरचा आकडा तोच. रेडिओचं तर आणखी विचित्र. अमेरिकेत साध्या रेडिओवर गाणं वाजलं की पैसे जातात ते फक्त ज्यांनी ते लिहिलं त्यांना आणि त्यांच्या प्रकाशकाला. गाणाऱ्याला नाही, वाजवणाऱ्याला तर नाहीच. हा कायदा आजही तसाच आहे. म्हणजे ‘बी माय बेबी’ अमेरिकेतल्या रेडिओवर साठ वर्षं वाजलं, त्यातून ब्लेनच्या हाती छदामही आला नाही.

अगदीच काही नव्हतं असं नाही. १९६४ पासून रेकॉर्ड कंपन्या विक्रीच्या प्रमाणात एका फंडात पैसे भरू लागल्या आणि त्यातून वादकांना वर्षाला एक चेक मिळू लागला. पण तो चेक तुमचं गाणं किती खपतंय यावर ठरत नसे. तुम्ही अलीकडच्या पाच वर्षांत किती सेशन वाजवलीत यावर ठरे. ही मेख लक्षात ठेवा. काम चालू आहे तोवर हा चेकही गुबगुबीत. काम थांबलं की पाच वर्षांत तोही आटणार, मग तुमची जुनी रेकॉर्ड भले दर दिवाळीला नव्या कव्हरात विकली जावो. जुनं गाणं चित्रपटात किंवा जाहिरातीत वापरलं तर पुन्हा मानधन देण्याचा नियम होता, पण त्यासाठी मूळ सेशनचे कागद युनियनकडे जमा असायला लागत.

मग कंपन्या बँडच्या पोरांना बाजूला सारून या लोकांना बोलवत का होत्या? घड्याळामुळे. १९६५च्या जानेवारीत द बर्ड्स हा नवाकोरा बँड ‘मिस्टर टॅम्बरीन मॅन’ रेकॉर्ड करायला आला. निर्मात्याला पोरांच्या वादनाचा भरवसा नव्हता. बँडमधल्या एकट्या रॉजर मॅग्विनला गिटार वाजवू दिली, बाकी सगळे भाडोत्री. ड्रमवर अर्थातच ब्लेन. तीन तासांच्या आत दोन गाणी तयार. पुढे बँडने स्वतः वाजवायचा हट्ट धरला, तेव्हा त्यांच्या दुसऱ्या एका गाजलेल्या गाण्याला सत्तरावर टेक, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजवण्याचे प्रयत्न, लागले, हे मॅग्विन स्वतःच हसत सांगतो. स्टुडिओचं भाडं तासावर मोजलं जात असताना कंपनी कोणाला बोलावणार, हे सांगायला हिशोबनीस लागत नाही.

त्या बदल्यात या लोकांनी गप्प राहायचं, हा अलिखित करार. रेकॉर्डच्या कव्हरवर बँडचे चेहरे, आत वादन दुसऱ्यांचं, आणि त्यांची नावं कुठेच नाहीत. बीच बॉईजच्या कित्येक गाण्यांत ड्रमवर बँडचा स्वतःचा ड्रमर डेनिस विल्सन नसून ब्लेन आहे. कार्पेंटर्स या जोडीतली गायिका कॅरन तर स्वतः उत्तम ड्रमर होती. तरी तिच्या आवाजातल्या ‘क्लोज टू यू’वर ड्रम ब्लेनचेच. ब्लेनने मात्र आपली सही सोडायची एक युक्ती काढली होती. त्याने एक रबरी शिक्का बनवून घेतला: ‘हॅल ब्लेनचा पुन्हा हल्ला’ अशा अर्थाचा. ज्या नोटेशनच्या कागदावरून वाजवलं त्यावर शिक्का, खुर्चीच्या पाठीवर शिक्का, स्टुडिओच्या भिंतीवर शिक्का. संशोधकांना आज त्या शिक्क्यांचाही आधार होतो.

आता थोडं त्याच्या हातांबद्दल, कारण नुसता पैशांचा हिशोब मांडला तर हा माणूस एवढा का चालला हे कळणार नाही.

वेगाने वाजवणारे, हातांची जादू दाखवणारे ड्रमर पुष्कळ होते. ब्लेनला गाण्याला काय हवंय ते कळायचं. ट्रम्पेटवादक हर्ब अल्पर्टच्या ‘अ टेस्ट ऑफ हनी’मध्ये सुरुवातीला एक थांबा येतो आणि मग सगळ्यांनी एकदम सुरू करायचं असतं. पण रेकॉर्डिंगला कोणी आधी घुसतोय, कोणी मागे राहतोय. ब्लेनने सगळ्यांना अंदाज यावा म्हणून त्या रिकाम्या जागेत पायाने बेस ड्रमवर नुसते सरळ ठोके द्यायला सुरुवात केली: धम्, धम्, धम्, धम्. इशारा म्हणून. तो इशाराच इतका झकास वाटला की तो रेकॉर्डमध्ये तसाच ठेवला, आणि आज लोकांना ते गाणं आठवतं ते त्या धम्-धम्मुळेच. पुढे याच गाण्याला त्या वर्षीच्या सर्वोत्तम रेकॉर्डचं ग्रॅमी, अमेरिकेतलं संगीताचं मोठं पारितोषिक, मिळालं.

बीच बॉईजच्या ब्रायन विल्सनने ‘पेट साउंड्स’ या अल्बमच्या वेळी नेहमीपेक्षा निराळा आवाज मागितला, तेव्हा याने पाण्याचा रिकामा प्लॅस्टिकचा मोठा जार उलटा धरून त्यावर हात मारले.

आणि ‘द बॉक्सर’. सायमन अँड गारफंकेलच्या या गाण्याच्या धृपदात शब्द नाहीत, नुसतं ‘लाय-ला-लाय’ आहे आणि त्याच्यामागे तोफ उडावी तसा एक ठोका. तो न्यूयॉर्कमध्ये कोलंबियाच्या इमारतीत घेतला. ध्वनिमुद्रक रॉय हॅलीला स्टुडिओतला आवाज फार बेतशीर वाटत होता, म्हणून त्याने ब्लेनचे ड्रम बाहेरच्या पॅसेजमध्ये, लिफ्टच्या दाराशी मांडले. लिफ्टच्या उभ्या पोकळीत आवाज घुमणार, हा हिशोब. सुट्टीचा दिवस, इमारतीत शुकशुकाट. ब्लेन कानाला हेडफोन लावून गाणं ऐकतोय, बरोबर जागा आली की अंगातलं सगळं बळ लावून ठोका मारतोय. नेमक्या अशा एका क्षणी लिफ्टचं दार उघडलं आणि आत उभा असलेला म्हातारा सिक्युरिटी गार्ड समोरच्या त्या स्फोटाने हबकून गेला. पॉल सायमन आणि हॅली दोघेही हा किस्सा सांगत आलेत.

१९६६ ते १९७१ अशी सलग सहा वर्षं सर्वोत्तम रेकॉर्डचं ग्रॅमी ज्या गाण्याला मिळालं, त्या प्रत्येक गाण्यावर ड्रम ब्लेनचे होते. अल्पर्ट, फ्रँक सिनात्रा, फिफ्थ डायमेन्शन दोनदा, सायमन अँड गारफंकेल दोनदा. सिनात्राचं सुटाबुटातलं गाणं आणि फिफ्थ डायमेन्शनचं केस वाढवलेल्या पिढीचं गाणं, मागे माणूस तोच. ग्रॅमीचे छोटे ग्रामोफोन अर्थातच गायकांच्या आणि निर्मात्यांच्या कपाटात गेले.

आकड्यांचं मात्र जरा जपून. पहिल्या दहात गेलेली दीडशे गाणी, त्यातली ४० पहिल्या क्रमांकाची, हा आकडा सगळीकडे दिला जातो आणि मीही शीर्षकात वापरलाय. एकूण रेकॉर्डिंग ३५ हजार, हा मात्र त्याचा स्वतःचा दावा. कोण कुठे वाजवत होतं याचा पुरावा म्हणजे युनियनचं करारपत्रक: तारीख, स्टुडिओ, वादकांची नावं, प्रत्येकाचं मानधन. पण पत्रक सांगतं की त्या दिवशी पैसे कोणाला मिळाले. शेवटी रेकॉर्डवर कोणाचा टेक राहिला ते सांगत नाही. म्हणून या पिढीतल्या वादकांचे ‘ते मीच वाजवलंय’ यावरचे वाद म्हातारपणापर्यंत चालले. त्यांच्या टोळीच्या नावावरूनही भांडण. ब्लेन म्हणायचा, आम्ही जीन्स-टीशर्टात येऊन रॉक वाजवू लागलो तेव्हा कोट-टायवाले जुने वादक कुरकुरले की ही पोरं धंदा मोडीत काढणार, त्यावरून ‘रेकिंग क्रू’ म्हणजे मोडतोड टोळी हे नाव पडलं. त्याच टोळीतली बेसवादक कॅरल के म्हणते, असं नाव त्या काळी कोणी कधी घेतलंच नाही, हे ब्लेनने नंतर आपल्या पुस्तकासाठी काढलं. २०२५ साली रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने तिचा सन्मान जाहीर केला तेव्हा नव्वदीतल्या या बाईंनी तो सरळ नाकारला, आणि त्यामागे या नावावरचा रागही होता. माझा कौल या बाबतीत बाईंकडे झुकतो; पण नाव झकास आहे हे मान्य करायलाच हवं.

तर, काम गेलं कसं?

एका दिवसात नाही. पहिला धक्का बँडवाल्यांनी दिला. १९६७च्या सुमारास मंकीज हा बँड आपल्या रेकॉर्डवर स्वतः वाजवत नाही ही गोष्ट बाहेर आली आणि गवगवा झाला. रॉकच्या नव्या श्रोत्याला ‘खरं’ काहीतरी हवं होतं: ज्याचा चेहरा कव्हरवर त्याचाच हात तबकडीत. भाड्याचा ड्रमर आता लाजेची गोष्ट झाला.

दुसरा धक्का यंत्रांनी दिला, पण लोक समजतात त्या यंत्राने नाही; आधी आलं टेप मशीन. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला टेपवर तीन-चारच ट्रॅक, म्हणजे आवाज वेगवेगळे नोंदवायचे पट्टे, असत. म्हणजे वीस माणसं एका खोलीत एकदम वाजवणार, एकाची चूक म्हणजे सगळ्यांचा टेक वाया. अशा ठिकाणी न चुकणारा ड्रमर सोन्याच्या मोलाचा. पुढच्या दशकात सोळा, मग चोवीस ट्रॅक आले. आज ड्रम, उद्या बेस, परवा गिटार. चुकलं तेवढंच पुन्हा. ब्लेनचं खरं भांडवल होतं पहिल्या-दुसऱ्या टेकात अचूक वाजवणं, आणि त्या भांडवलाचा भावच उतरला.

तरी तो तग धरून होता. गायक जॉन डेन्व्हरबरोबर त्याने रेकॉर्ड केल्या, दौरे केले. १९७५ साली कॅप्टन अँड टेनिलच्या ‘लव्ह विल कीप अस टुगेदर’वर ड्रम वाजवले आणि त्यालाही सर्वोत्तम रेकॉर्डचं ग्रॅमी मिळालं. पण या गाण्याच्या वादकांची यादी बघितली की पुढचं चित्र दिसू लागतं. बेस, पियानो, बाकीचे सगळे सूर एकट्या डॅरिल ड्रॅगनने, म्हणजे त्या जोडीतल्या ‘कॅप्टन’ने, कीबोर्डांवर काढलेत. बाहेरचा माणूस एकच, ब्लेन. दहा वर्षांपूर्वी त्याच गाण्याला खोलीभर माणसं लागली असती. आता उरला होता फक्त ड्रमर.

१९८० साली त्याचंही यंत्र आलं. रॉजर लिनचं एलएम-वन, किंमत सुमारे पाच हजार डॉलर. ड्रम मशीन आधीही होती, पण ती प्लॅस्टिकच्या खेळण्यासारखी टकटक वाजायची. लिनने खऱ्या ड्रमचे खरे आवाज रेकॉर्ड करून चिपमध्ये साठवले. तुम्ही बटण दाबा, आत भरून ठेवलेला ठोका वाजेल. ठेका एकदा बसवा, रात्रभर न दमता वाजत राहील. अशी यंत्रं पाचशेच्या आसपासच बनली, पण ती नेमक्या गाजलेल्या निर्मात्यांच्या स्टुडिओत गेली. गंमत म्हणजे त्यातले आवाज लॉस एंजेलिसच्याच एका सेशन ड्रमरने वाजवलेले होते.

जेफ पोर्कारोसारखे तरुण ड्रमर ते यंत्र स्वतः शिकले, स्वतःच प्रोग्रॅमिंग करून त्याचेही पैसे घेऊ लागले. ब्लेन तेव्हा पन्नाशी ओलांडलेला. त्याच्या वाट्याला उरली जाहिरातींची जिंगल्स, अधूनमधून एखादी टीव्ही मालिका. त्यातच घटस्फोट, टेकडीवरचं घर विकावं लागलं, आणि मग ॲरिझोना. १९८७ साली ‘डर्टी डान्सिंग’ हा चित्रपट जगभर चालला. तो सुरू होतो तो याच्या त्या हुकलेल्या ठेक्यावर. तोवर त्याचं स्टुडिओतलं काम जवळपास संपलेलं होतं.

हे वाचताना आपल्यापैकी अनेकांना मुंबई आठवली असेल. ताडदेव, महालक्ष्मी, अंधेरीच्या स्टुडिओंत गोव्याचे व्हायोलिन-ट्रम्पेटवाले, पारशी लॉर्ड घराण्यातले कावस आणि त्यांची मुलं केर्सी आणि बुर्जोर, ड्रमवर लेस्ली गोदिन्हो, फ्रँको वाझ. शिफ्टवर मानधन, पडद्यावर बहुतेकांचं नाव नाही, आणि पुढे कीबोर्ड नि संगणक आल्यावर रिकामे होत गेलेले हॉल. तपशील वेगळे आहेत, आपल्याकडे ऑर्केस्ट्रा मोठा आणि कागद कमी. पण विकले जात होते ते तासच.

लॉस एंजेलिसच्या पिढीतल्या सगळ्यांचाच शेवट सारखा नाही, हेही सांगायला हवं. न्यू ऑर्लिन्सहून आलेला अर्ल पामर, लिटल रिचर्डच्या रेकॉर्डवरचा ड्रमर, काम कमी झाल्यावर थेट युनियनच्या निवडणुकीला उभा राहिला आणि १९८०च्या दशकात तिचा खजिनदार झाला. ब्लेनला वेळ नसला की तो ज्या पोराचं नाव सुचवायचा तो जिम गॉर्डन; त्याला स्किझोफ्रेनियाने घेरलं, १९८३ साली त्याच्या हातून स्वतःच्या आईचा खून झाला आणि उरलेली चाळीस वर्षं तो कोठडीतच होता, २०२३ साली मरेपर्यंत. त्यांच्याशेजारी वॉचमनची नोकरी ठेवून पाहिली की ती शोकांतिका कमी आणि साधी बेकारी जास्त वाटते. साठीकडे झुकलेल्या माणसाला पगार हवा होता, त्याने मिळेल ती नोकरी धरली. तिची त्याने लाज बाळगल्याचं दिसत नाही.

१९९० साली त्याने आठवणींचं पुस्तक काढलं. मोडतोड टोळी हे नाव लोकांच्या तोंडी बसलं ते त्यानंतर. मग हळूहळू उलटा प्रवाह सुरू झाला: ज्या पोरांनी लहानपणी त्या रेकॉर्ड ऐकल्या होत्या ती आता पत्रकार, निर्माते, संग्राहक झाली होती आणि ‘हे नक्की वाजवलंय कोणी?’ असं विचारत युनियनची जुनी पत्रकं चाळत होती. २००० साली हॉल ऑफ फेमने साथीदार वादकांसाठी वेगळा वर्ग काढला. संस्थेने मान द्यायला सुरुवात केल्याला तोवर चौदा वर्षं झाली होती. पहिल्या पाचांत ब्लेन आणि पामर हे दोघे ड्रमर, एल्व्हिसचा गिटारवादक स्कॉटी मूर, आणि दोघं असे की ज्यांना ते पाहता आलं नाही: सॅक्सोफोनवाला किंग कर्टिस १९७१ सालीच गेलेला, मोटाउन या रेकॉर्ड कंपनीचा बेसवादक जेम्स जेमरसन १९८३ साली.

त्याच टोळीतल्या टॉमी टेडेस्को या गिटारवादकाला कॅन्सर झाल्यावर त्याच्या मुलाने, डेनीने, १९९६ साली वडिलांना, ब्लेनला, कॅरल केला आणि सॅक्सोफोनवादक प्लास जॉन्सनला एका टेबलाभोवती बसवून कॅमेरा सुरू केला. वडील पुढच्या वर्षी गेले. माहितीपट महोत्सवात दिसला २००८ साली, आणि चित्रपटगृहात आला २०१५ साली. मधली सात वर्षं कशात गेली? गाण्यांच्या परवानग्यांत. शंभरावर गाण्यांचे तुकडे होते आणि प्रत्येक तुकड्यामागे रेकॉर्ड कंपनी वेगळी, प्रकाशक वेगळा. ज्यांनी ती गाणी वाजवली त्यांच्यावरच्या चित्रपटात ती गाणी वाजवायला एवढी रक्कम उभी करावी लागली की शेवटी लोकांकडून वर्गणी गोळा केली.

ब्लेनला या सगळ्याने शेवटची वीसेक वर्षं पुन्हा माणसांत आणलं. कॅलिफोर्नियात परतून तो तरुण ड्रमरांपुढे बोलायचा, मुलाखती द्यायचा, तेच किस्से आणि तेच पाणचट विनोद नव्या उत्साहाने सांगायचा. २०१८ साली त्याला ग्रॅमीचा जीवनगौरव मिळाला. या वेळी निदान नाव त्याचं.

त्याच वर्षी आणखी एक गोष्ट घडली, जिची बातमी फारशी कुठे आली नाही. साध्या रेडिओवर वादकांना काही मिळत नाही हे वर आलंच. पण इंटरनेट आणि उपग्रह रेडिओसाठी १९९५ साली अमेरिकेने वेगळा कायदा केला होता. त्यात जमलेल्या शंभर रुपयांतले पन्नास कंपनीला, पंचेचाळीस मुख्य कलाकाराला आणि पाच रुपये अशांना, ज्यांचं नाव कव्हरवर नाही: अडीच मागे गाणाऱ्यांना, अडीच वाजवणाऱ्यांना. रक्कम किरकोळ, पण तत्त्व मोठं. तासांचे पैसे मिळून गेल्यावरही वाजवणाऱ्याचा त्या आवाजावर हक्क उरतो, हे पहिल्यांदा कायद्याने मान्य केलं. फक्त एक अडचण होती. अमेरिकेचा केंद्रीय कॉपीराइट ध्वनिमुद्रणांना लागू झाला १५ फेब्रुवारी १९७२ पासून. त्याआधीच्या रेकॉर्ड या कायद्याच्या बाहेर. म्हणजे ब्लेनचं सगळं सोन्यासारखं दशक, ‘बी माय बेबी’पासून ती सलग सहा ग्रॅमी, सगळं रेघेच्या पलीकडे. काही कंपन्या तडजोडीने पैसे देत होत्या, काही कोर्टात भांडत होत्या. ती रेघ पुसली गेली ११ ऑक्टोबर २०१८ ला, नव्या संगीत कायद्यावर सही झाली तेव्हा.

त्यानंतर बरोबर पाच महिन्यांनी, ११ मार्च २०१९ ला, कॅलिफोर्नियातल्या पाम डेझर्टमध्ये हॅल ब्लेन वार्धक्याने गेला. नव्वदी पूर्ण होऊन महिनाच झाला होता. ब्रायन विल्सनने त्याला जगातला सर्वांत थोर ड्रमर म्हटलं. घरच्यांनी निरोपाच्या निवेदनात लिहिलं की त्याला दोन आणि चारवर चिरविश्रांती मिळो.

ते वाचून मी ‘बी माय बेबी’ पुन्हा लावलं. पहिले चार ठोके, मग पुढचे चार. दोनवर अजूनही काही नाही.